फोन खिशात, काम काउंटरवर

वारणा खोऱ्यातल्या एका बाजारगावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्ती, पेन्शनरांचा हयातीचा दाखला, असली कामं. जून उजाडला की दाखल्यांच्या गर्दीसाठी बाहेर बाकडं टाकावं लागतं. त्या बाकड्यावर बसलेल्या बहुतेकांच्या हातात स्मार्टफोन असतो. कुणी बैलगाडी शर्यत बघत असतो, कुणी कीर्तन, एखादी पोरगी मेंदीची डिझाइनं. नंबर आला की फोन खिशात जातो आणि माणूस म्हणतो, "ताई, तेवढा अर्ज भरून द्या की." मी ज्या पोर्टलवर तो अर्ज भरते, ते त्याच्या फोनवरही उघडतं. त्याला हे ठाऊक असतं. तरी तो माझ्यासमोर खुर्ची ओढून बसतो आणि फी देतो.

शहरातून आलेले लोक याला अडाणीपणा म्हणतात. गावात एखादं डिजिटल साक्षरतेचं शिबिर घेतलं की प्रश्न मिटला, असा त्यांचा हिशोब. मला तो पटत नाही. हाच माणूस दिवसातून चार ठिकाणी क्यूआर कोड मारतो, दुबईतल्या मेव्हण्याला व्हिडिओ कॉल लावतो, यूट्यूबवर बघून पाण्याची मोटर खोलतो आणि परत जोडतोही. अर्ज भरताना मात्र त्याच्या डोक्यात वेगळंच चाललेलं असतं. नावातली एक वेलांटी चुकली आणि पोराचा प्रवेश अडकला, तर घरातले सगळे म्हणणार, "तुला कुणी सांगितला होता शहाणपणा?" माझी फी हे वाक्य टाळण्यासाठी असते. चुकलं तर ताईंनी चुकवलं, असं म्हणायची सोय त्या फीत येते.

याची दुसरी बाजूही मी बघितली आहे. वीजबिल भरायला, मोबाइल रिचार्ज मारायला, दहावीच्या निकालाची प्रिंट काढायला आमच्याकडे रांगा लागायच्या. ही सगळी कामं माझ्या काउंटरवरून कधीच उठून गेली. कुणी शिबिर घेतलं नव्हतं. ही कामं परत परत येणारी होती, चुकली तरी थोडक्यात भागणारी होती, आणि मुख्य म्हणजे शेजारच्याने ती आपल्या डोळ्यांदेखत केलेली होती. जातीचा दाखला माणूस जन्मात एकदा काढतो. तो काढताना शेजाऱ्याकडे बघून शिकायची संधी त्याला मिळतच नाही.

आमच्या घराला हा धंदा नवा नाही. याच गाळ्यात १९९० च्या सुमारास वडिलांनी पिवळ्या पाटीचा एसटीडी-पीसीओ टाकला होता. त्या काळात सॅम पित्रोदांचं नाव फार गाजलेलं होतं. १९८४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने सी-डॉट ही संस्था सुरू झाली, देशी टेलिफोन एक्स्चेंज गावोगाव बसू लागली, आणि घराघरात फोन देणं परवडत नाही तर नाक्यानाक्यावर एक फोन आणि त्याच्यामागे एक माणूस बसवा, असा त्यांचा विचार होता. यातला 'माणूस' मला महत्त्वाचा वाटतो. बूथवाल्याला कमिशन मिळायचं, म्हणून तो रात्री उशिरापर्यंत दुकान उघडं ठेवायचा आणि एसटीडी कोड तोंडपाठ करायचा. ज्यांना नंबर फिरवायला यायचा नाही त्यांना फिरवून द्यायचा. लग्नपत्रिकांवर, नोकरीच्या अर्जांवर लोक आमच्या दुकानाचा नंबर छापत, पुढे कंसात 'पीपी'. फोन आला की निरोप घेऊन मी सायकलवर पळायचे.

त्यातही रीत होती. कुणी गेल्याची बातमी आली तर ती त्या घरातल्या बाईला थेट द्यायची नाही, आधी शेजारच्या घरी सांगायची, असं वडिलांनी बजावून ठेवलं होतं. पोरगी बघायला येणार असल्याचा निरोप रस्त्यात ओरडून सांगायचा नाही. फोन गावात आला तेव्हा त्याच्याबरोबर हे सगळं शिष्टाचारपुराण गावानेच तयार केलं. टेलिफोन खात्याच्या कुठल्याही पुस्तकात ते नव्हतं.

मोबाइलचंही तसंच. ३१ जुलै १९९५ ला मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल लावला, तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि आलेला कॉल घ्यायलाही पैसे पडत. २००३ पासून इनकमिंग फुकट झालं आणि मिस्ड कॉलचा सुकाळ झाला. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे मला फोन कर, असे घराघरांचे करार ठरले. मिस्ड कॉल कुणी कुणाला द्यायचा याचेही नियम होते. भाच्याने मामाला दिला तर चालतो, बायकोने नवऱ्याला दिला तर तो द्यायचाच असतो, पण जावयाने सासऱ्याला दिला की संध्याकाळपर्यंत भावकीत चर्चा. ज्याची कमाई जास्त त्याने पैसे भरायचे, हा जुना कौटुंबिक कायदाच तारेवाचून पुढे चालू राहिला. पुढे २०११ मध्ये अण्णा हजारे यांच्या आंदोलनाला पाठिंबा देण्यासाठी लोकांनी मिस्ड कॉल दिले, आणि २०१५ मध्ये मिस्ड कॉलवर धंदा उभारणारी झिपडायल ही बंगळुरूची कंपनी ट्विटरने विकत घेतली. गरिबाघरच्या काटकसरीतून निघालेली युक्ती कुठवर पोचते बघा.

आता आमच्या वारणेची गोष्ट. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकाराच्या या परिसरात १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' नावाचा प्रकल्प आला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूह यांचे पैसे. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या गावांत ५४ ठिकाणी कॉम्प्युटर बसले. शेतकऱ्याला बाजारभाव कळतील, पीकसल्ला मिळेल, पोरं इंटरनेटवर शिकतील, जमिनीचे नकाशे बघता येतील, अशी ती स्वप्नं होती. देशभरातून माणसं बघायला येत. आम्हा पोरापोरींना तर वाटायचं की आपलं गाव आता पेपरात येणार, आणि आलंही.

काही वर्षांनी बंगळुरूहून मायक्रोसॉफ्ट रिसर्चची मंडळी अभ्यासाला आली. त्यांनी बघितलं की ते कॉम्प्युटर प्रामुख्याने एकाच कामाला जुंपलेले आहेत: ऊस. नोंद झाली का, तोड कधी येणार, किती टन गेला, वजनाची पावती, खताची उचल, बिल किती निघालं. बाजारभाव आणि पीकसल्ला जवळपास कुणी विचारतच नव्हतं. मग त्यांनी एक प्रयोग केला. काही गावांत कॉम्प्युटर बाजूला ठेवून साध्या मोबाइलवरून एसएमएसने तीच माहिती द्यायला सुरुवात केली. शेतकऱ्याने संदेश पाठवायचा, उसाचा हिशोब उत्तरात यायचा. काम भागलं, खर्च कितीतरी खाली आला.

या प्रयोगाला त्यांनी 'वारणा अनवायर्ड' असं नाव दिलं. परिषदांमध्ये तो गाजला, कारण महागड्या यंत्राऐवजी स्वस्त यंत्र चालतं हे त्यातून दिसलं. मी याच गावची असल्यामुळे मला त्यात वेगळीच गंमत दिसते. ऊस तोडणीची पाळी हा आमच्याकडचा सगळ्यात तापलेला विषय. आपला ऊस उभा आणि मागून नोंदवलेल्याचा तुटला, यावरून बोलणी बंद झालेली घरं मला माहीत आहेत. पाळीची माहिती साखर कारखान्याच्या नोंदी ठेवणाऱ्या चिटबॉयकडे, त्याच्यावर शेती ऑफिसात, त्याच्यावर संचालकांकडे. ती माहिती कुणाच्या मेहरबानीशिवाय बघायला मिळते म्हटल्यावर माणूस कॉम्प्युटर असो नाहीतर एसएमएस, शिकणारच. पीकसल्ल्याचं तसं नव्हतं. खत कधी टाकायचं हे तो बांधावरच्या माणसाला विचारतो, ज्याचा ऊस आपल्यापेक्षा उंच आहे त्याला. दिल्लीत आखलेल्या प्रकल्पाला हा बांध दिसत नव्हता.

हे फक्त आपल्याकडेच असतं असंही नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९२८ च्या सुमारास मक्याचं संकरित बियाणं आलं. उत्पादन चांगलं, दुष्काळात तग धरणारं. तरीही ते पसरायला दहा-बारा वर्षं गेली. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी २५९ शेतकऱ्यांना गाठून विचारलं की बाबांनो, तुम्ही हे कधी घेतलं, का घेतलं. १९४३ मध्ये त्यांचा लेख आला. सगळ्यात जास्त जणांना बियाण्याची पहिली बातमी विक्रेत्याकडून मिळाली होती, पण भरवसा बसला तो शेजाऱ्याच्या रानाकडे बघून. आणि घेतल्यावरही पहिल्या वर्षी बहुतेकांनी सगळं रान त्याखाली आणलं नाही, एका तुकड्यावर करून बघितलं. आमच्याकडे उसाची नवी जात येते तेव्हा अगदी हेच होतं. को-८६०३२ सुद्धा लोकांनी आधी दुसऱ्याच्या रानात बघितला.

त्याच आयोवातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा एव्हरेट रॉजर्स. त्याच्या बापाला नव्या यंत्रांची भारी हौस, पण संकरित बियाण्याला मात्र त्याचा विरोध. १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्याचा मका उभा राहिला आणि त्यांचा वाळला. या मुलाने पुढे १९६२ मध्ये नव्या गोष्टी समाजात कशा पसरतात यावर पुस्तक लिहिलं आणि ते जगभर वाचलं गेलं. पहिले धाडसी, मग पुढारी, मग बाकीचे, आणि शेवटी मागे रेंगाळणारे, अशी त्याने माणसांची प्रतवारी लावली. या शेवटच्या गटाबद्दल माझी तक्रार आहे. माझ्या बाकड्यावर बसलेले मागे रेंगाळणारेच, पण ते स्वभावाने रेंगाळत नाहीत. एकाच बाईचा फोन सकाळी शाळकरी पोराकडे, दुपारी नवऱ्याकडे, रात्री चार्जिंगला असेल, तर ती कुठल्या गटात टाकायची? रॉजर्सला हे सुचलं नव्हतं असंही नाही, नंतरच्या आवृत्त्यांत त्याने स्वतःच कबूल केलं की या अभ्यासात दोष नेहमी माणसावर जातो, व्यवस्थेवर जात नाही. पण लोकांच्या लक्षात राहिली ती प्रतवारी.

नोटाबंदीनंतरच्या दिवसांत ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातलं धसई फार गाजलं. १ डिसेंबर २०१६ ला राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून त्याची घोषणा झाली. तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार उद्घाटनाला गेले होते. स्वातंत्र्यवीर सावरकर प्रतिष्ठानाचा पुढाकार, बँक ऑफ बडोदाची स्वाइप यंत्रं. वडापावच्या गाडीपासून किराणा दुकानापर्यंत कार्ड चालणार. टीव्हीवाले येऊन गेले. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत बातम्या उलट्या आल्या: गाव पुन्हा रोखीवर. यंत्राचं भाडं, व्यवहारामागे कापले जाणारे पैसे, रेंज नसणं, अशी कारणं दुकानदारांनी सांगितली. यात वावगं काय होतं? दहा रुपयांच्या वडापाववर बँकेला कमिशन देऊन गाडीवाल्याच्या पदरात काय पडणार?

त्याच्या आधीच, एप्रिल २०१६ मध्ये, मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी यूपीआयची सुरुवात केली होती. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आलं आणि डेटा पाण्याच्या भावात मिळू लागला. तरी आमच्या बाजारात यूपीआय रुजायला वेळ गेला. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवरचं व्यापाऱ्याचं शुल्क शून्य झालं, दुकानदाराकडे नुसता छापील कागद चिकटवला की काम झालं, आणि लगेच करोनाने नोटेला हात लावायचीच भीती घातली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये देशात एका महिन्यात २,००० कोटींवर यूपीआय व्यवहार झाले. धसईच्या यंत्राने जे करायचं होतं ते एका कागदाने केलं.

पण कागदाने सगळं केलं असंही म्हणता येत नाही. सुरुवातीला भाजीवाल्या आक्का क्यूआर लावायलाच तयार नव्हत्या. गिऱ्हाईक फोन पुढे करून दाखवतं, "गेले बघा पैसे," आणि तो हिरवा टिकमार्क खरा की खोटा हे गर्दीत कोण बघणार? आणि बघायचं म्हटलं तर गिऱ्हाइकावर संशय घेतल्यासारखं होतं. रोजच्या ओळखीच्या माणसाला "थांब, आधी माझ्या फोनवर मेसेज येऊ दे" कसं म्हणायचं? २०१९ नंतर बोलणारा डबा आला. तो मराठीत मोठ्याने सांगतो, इतके रुपये मिळाले. आता संशय डबा घेतो, आक्कांना घ्यावा लागत नाही. अक्षरं न वाचता येणाऱ्या बाईला हिशोब कळतो, हा फायदा सगळे सांगतात. मला वाटतं भिडेचा प्रश्न सुटला हा फायदा त्याहून मोठा आहे.

याच डब्याच्या आवाजामागे आणखी एक गोष्ट दडलेली असते. बाजारात बसणाऱ्या बऱ्याच बायकांच्या टोपलीपुढचा क्यूआर मुलाच्या खात्याचा असतो. खातं उघडताना, ॲप टाकताना हाताशी मुलगा होता, म्हणून त्याचा नंबर. आधी संध्याकाळी कमरेच्या पिशवीत पैसे असायचे, त्यातले नातीला द्यायचे, भिशीत भरायचे, सुनेला न सांगता लेकीच्या हातावर ठेवायचे. आता डबा दिवसभर बोलतो आणि पैसे मुलाच्या फोनमध्ये जातात. काही आक्का म्हणूनच क्यूआर झाकून ठेवतात आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाला म्हणतात, "सुट्टं न्हाई का रं?" हे बघून कुणी म्हणेल, म्हातारी जुन्या वळणाची आहे. तिला तिचे पैसे तिच्या हातात हवेत, एवढंच आहे.

बाईच्या हातातला फोन हा तर स्वतंत्र विषय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के बायकांनी सांगितलं की त्या स्वतः वापरतात असा मोबाइल त्यांच्याकडे आहे. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. हे आकडे मला काउंटरवर रोज भेटतात. मी विचारते, "आधारला नंबर कुठला जोडलाय?" मग कळतं की नंबर नवऱ्याचा आहे, नवरा चाकणला कंपनीत पहिल्या पाळीला आहे, आणि पाळीत फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. किंवा नंबर दिराचा आहे आणि दिराशी सध्या बोलणं नाही. किंवा नंबर माहेरचा, लग्नाआधीचा, ते सिम आता धाकट्या भावाकडे.

२०२४ च्या पावसाळ्यात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा या गाठी एकदम वर आल्या. महिन्याला १,५०० रुपये बाईच्या स्वतःच्या, आधारशी जोडलेल्या खात्यात येणार. गावात त्या दोन महिन्यांत जेवढ्या बायकांनी बँकेत स्वतः पाऊल टाकलं, तेवढ्यांनी त्याआधी कधी टाकलं असेल असं मला वाटत नाही. खातं स्वतःचं हवं, पासबुक स्वतःचं हवं, मग मोबाइल नंबर तरी दुसऱ्याचा कशाला, असं म्हणून बऱ्याच जणींनी नवं सिम घेतलं. पुढच्या वर्षी ई-केवायसी आली आणि त्यात नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपीही लागू लागला. विधवा आणि टाकलेल्या बायका समोर बसून माझ्याकडे नुसत्या बघत राहायच्या. नंतर त्यांच्यासाठी वेगळी सोय झाली. पण फॉर्म आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कुठलं घर होतं ते त्या ओटीपीच्या रकान्यातून दिसलं: आईबाप, नवरा, सगळे हयात, सगळ्यांचं एकमेकांशी बरं, आणि प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा फोन.

मुलींचं आणखी निराळं. बारावीपर्यंत अभ्यासासाठी म्हणून फोन मिळतो, पण तो आईच्या नावाने आणि दादाच्या पासवर्डने. लग्न ठरलं की नवऱ्याकडून नवा फोन येतो. मधल्या काळात तिच्याकडे फोन असणं म्हणजे तिच्यावर लक्ष ठेवायला हवं, अशी गल्लीची समजूत. मुलाच्या फोनबद्दल असं कुणी बोलत नाही. माझ्याकडे शिष्यवृत्तीच्या अर्जाला येणाऱ्या हुशार पोरी फाइल अपलोड करायला माझ्याहून पटाईत असतात, आणि तरीही अर्ज माझ्या दुकानात येऊन भरतात. इथे बसलेलं घरच्यांना चालतं.

ई-पीक पाहणीत तर जमिनीचं सगळं राजकारण फोनमध्ये उतरलं. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः रानात उभं राहून, पिकाचा फोटो काढून, सातबाऱ्यावर आपलं पीक नोंदवायचं असा नियम आला. पूर्वी हे तलाठी करायचा, आणि बऱ्याचदा चावडीत बसूनच करायचा, त्यामुळे कागदावर ज्वारी आणि रानात ऊस असा प्रकार चालायचा. योजना म्हणून कल्पना चांगली आहे, मी तिच्या बाजूने आहे. पण सातबाऱ्यावर नाव एकाचं, कसणारा दुसरा. मालक पुण्याला, वाटेकरी रानात. नोंद कुणाच्या फोनवरून करायची? वाटेकऱ्याच्या फोनवरून केली तर उद्या तो हक्क सांगेल, ही मालकाच्या मनातली जुनी धास्ती. मालकाच्या फोनवरून करायची तर त्याला रविवारी गावाला यावं लागतं. शिवाय ओढ्याकाठच्या रानात रेंज नाही. यातून वाट काढली ती गावातल्या दोन-तीन पोरांनी. मोटरसायकलवर फिरून, सगळ्यांच्या नोंदी करून ती नाश्त्यापाण्याचे पैसे घेतात. सरकारच्या कागदावर शेतकऱ्याने स्वतः नोंद केली असं दिसतं.

कधी लोक यंत्र सरळ परतही करतात. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. दोन जीबी रॅमचे ते फोन तापायचे, अडकायचे, दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांच्या माथी यायचा, आणि माहिती भरायचं पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत. बाळाचं वजन करायचं, आहार द्यायचा, आणि वर इंग्रजी रकाने भरायचे. तेव्हा 'सेविकांचा तंत्रज्ञानाला विरोध' असं काहींनी म्हटलं. याच बाया व्हॉट्सॲपवर आपली संघटना चालवत होत्या. फोन परत करायच्या आंदोलनाचे निरोपही फोनवरूनच फिरले.

व्हॉट्सॲप कुणाला शिकवावं लागलं नाही, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. पायल अरोरा या अभ्यासिकेने २०१९ मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकात म्हटलं आहे की गरीब माणूस इंटरनेटवर शेतमालाचे भाव आणि आरोग्याची माहिती शोधायला येईल असं योजना आखणाऱ्यांना वाटतं, पण तोही बाकी सगळ्यांसारखाच आधी करमणुकीसाठी, गप्पांसाठी येतो. आमच्या गल्लीतली टाइप करू न शकणारी आजी व्हॉइस मेसेज पाठवते आणि त्यात सुद्धा आधी "हॅलो, मी बोलतीया" म्हणते. भावकीच्या ग्रुपमधून बाहेर पडणं हा मोठा अपमान समजला जातो, म्हणून लोक आवाज बंद करून आत राहतात. जे शिकायला हवं असं कुणी सांगितलं नाही, ते सगळ्यांनी एकमेकांत हसतखेळत शिकून घेतलं. तिथे चुकलं तर फार तर चुकीच्या माणसाला गुड मॉर्निंग जातं.

दर नोव्हेंबरात माझ्याकडे पेन्शनर येतात. आपण हयात आहोत असा दाखला द्यायचा असतो. १० नोव्हेंबर २०१४ ला जीवन प्रमाण योजना सुरू झाली आणि बँकेत जाऊन सही करायच्या ऐवजी बोटाचा ठसा चालू लागला. म्हाताऱ्या माणसांचे ठसे पुसट झालेले, विशेषतः ज्यांनी हाताने कामं केली त्यांचे, त्यामुळे यंत्र पुन्हा पुन्हा नाकारायचं आणि मी ओला फडका घेऊन त्यांची बोटं पुसायचे. २०२१ च्या नोव्हेंबरअखेर चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आली, साध्या स्मार्टफोनवर, घरबसल्या. तरी ते यायचेच. चेहऱ्यासमोर फोन धरायचा, डोळे मिचकावायचे, आणि नाही जमलं तर? पेन्शन थांबली तर? महिन्याच्या औषधांचा प्रश्न असतो, त्यात प्रयोग कोण करणार?

मग एका वर्षी निम्मे आलेच नाहीत. मला वाटलं थंडीमुळे असेल. नंतर कळलं की मारुतीच्या देवळापुढच्या पारावर बसणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी आदल्या वर्षी आपल्या नातवाच्या मदतीने स्वतःचा दाखला काढला होता. बँकेत पेन्शन वेळेवर जमा झाली, ते पासबुक त्यांनी पारावर सगळ्यांना दाखवलं. पुढच्या नोव्हेंबरात त्यांनी पारावरच्या सगळ्यांचे दाखले तिथेच बसून काढले, नातवाशिवाय. चष्मा काढा, उजेडाकडे तोंड करा, हसू नका, असं शाळेतल्यासारखं दरडावत. कुणाचा चेहरा नाही जुळला तर दुसऱ्या दिवशी सकाळी उजेड बरा असताना परत, कारण पार काही कुठे जात नाही.

परवा ते गुरुजी झेरॉक्स काढायला आले होते. मी म्हटलं, "गुरुजी, माझं गिऱ्हाईक पळवलंत. फी तरी किती घेता?"

"चहा," ते म्हणाले. "आणि ज्याचं पहिल्या फटक्यात जमत न्हाई, त्यानं भजी."